कललेल्या काठीखाली

मागच्या पावसाळ्यात मी न्हाणीत पडलो. हाड मोडलं नाही, नुसतं कोपर सोललं. पण त्या दिवसापासून घरात माझी किंमत काचेच्या बरणीची झाली. मी उठलो की सून हातातलं काम टाकून बघते. जिना उतरायला लागलो की बायको खालून ओरडते. मी चिडलो की तीच म्हणते, "पडलो तरी नाक वर!" आणि सगळे हसतात. मला मात्र हसू येत नाही.

भुसाराचं दुकान मी मुलाच्या हाती दिलं, गल्ल्याची किल्लीही दिली. एकच गोष्ट सोडली नव्हती. आमच्या सोलापुरात संक्रांतीच्या जत्रेत नंदीध्वजांची मिरवणूक निघते. दोन मजली घराहून उंच काठ्या, वर साज, आणि बूड कमरेच्या पट्ट्यात घेऊन एकेका माणसानं ती तोलत न्यायची. काठी बाळीवेसेत आमच्या गल्लीच्या तोंडाशी आली की आमच्या घरातल्या थोरल्यानं ती चार पावलं पेलायची, ही आमची रीत. वडिलांनंतर ती माझ्याकडं आली होती.

मुलानं अट घातली. "अप्पा, यंदा काठी धरायची तर आधी बॅलन्सचं ट्रेनिंग घ्या. तिथल्या मॅडम हो म्हणल्या की धरा. न्हाय म्हणल्या तर मी धरतो." स्वतःच्या बापाला परीक्षेला बसवताना त्याला काही वाटलं नाही. मला वाटलं. पण काठीसाठी मी गेलो.

होटगी रोडला एका दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर त्या ट्रेनिंगचं यंत्र होतं. माझ्या कमरेला पट्टा बांधला आणि तो छताच्या हुकाला अडकवला. ज्या कमरेनं काठी पेलली, तिलाच आता वरून टांगून ठेवलं होतं. मग डोळ्यांवर जाडजूड डबा चढवला. खोली गेली आणि समोर तळं आलं, कडेला हिरवी झाडं. सोलापुरात एवढं हिरवं मी आयुष्यात पाहिलं नाही. मी एका होडीत उभा होतो.

होडी उजवीकडं कलली. मी उजवीकडं पाऊल टाकलं. सगळं लाल झालं आणि पाण्यात पडल्याचा आवाज आला.

"काका, पडलात," यंत्र चालवणारी फिजिओथेरपिस्ट मुलगी म्हणाली.

"पडतोय कशाला? हितंच उभा हाय की!"

"होडीतून पडलात. ती उजवीकडं गेली की तुम्ही अंग डावीकडं न्यायचं."

पुन्हा होडी कलली, पुन्हा मी तिकडंच गेलो. यात माझा दोष नव्हता. काठी पेलताना ताकद कामाची नसते. काठी ज्या बाजूला कलते त्याच बाजूला पेलणाऱ्यानं जायचं असतं, बूड तिच्याखाली न्यायचं असतं. घाबरून मागं सरलात की काठी गेली. वडिलांनी हे मला परसात साधा बांबू कमरेला लावून शिकवलं होतं. मी मागं सरलो की पोटरीवर छडी बसायची.

मी हे त्या मुलीला सांगितलं. माढ्याकडची होती, जत्रा तिनं पाहिलेली होती. तिनं सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बरोबर आहे काका. पण न्हाणीत तुमच्या हातात काठी नसते."

तिचं खरं होतं, म्हणून तिचा जास्तच राग आला.

मग मी शिकलो. हट्टानं शिकलो. होडी कलली की अंग उलटीकडं, पायाखालची फळी हलली की पाऊल मागं. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात. माझा पीळ त्या खोट्या तळ्यानं सावकाश सोडवला. दिवाळीपर्यंत मी न्हाणीत भिंत धरायची सोडली. मंगळवारच्या बाजारात धक्के खात भाजी आणली. दवाखान्यातली मुलगी म्हणाली, "काका, एकदम पास!" बायकोनं गल्लीभर हुग्गी, म्हणजे गव्हाची खीर वाटली. त्या दिवशी मलाही गोड लागली.

जत्रेआधी संध्याकाळी काठीचा सराव असतो. मी पट्टा बांधला. मला तरुणपणापासून ओळखणारे वस्ताद सरावाची काठी घेऊन समोर आले आणि त्यांनी तिचं बूड माझ्या पट्ट्यात दिलं. वजन अंगावर आलं तसं मला इतकं बरं वाटलं की डोळे भरून आले. दोन पावलं गेलो. काठी डावीकडं कलली.

मी उजवीकडं सरलो.

चौघांनी धावून काठी सावरली. कुणाला लागलं नाही. कुणी ओरडलंही नाही, आणि तेच जास्त झोंबलं. वस्तादांनी माझ्या पट्ट्याची गाठ सोडली आणि हळूच म्हणाले, "अप्पा, तुमी मागं सरला की."

वडील असते तर त्यांनी छडी मारली असती. मला ती चालली असती.

घरी येताना मुलगा म्हणाला, "जाऊ द्या, वय झालं आता." मी यंत्राला शिव्या घातल्या. खरं काय ते मला आजही माहीत नाही. यंत्रानं माझे पाय बिघडवले की ते आधीच भित्रे झाले होते आणि यंत्रानं त्या भीतीलाच शाबासकी दिली, कोण सांगणार? पण वयाला शिव्या घालून भागत नाही. ते ऐकत नाही. यंत्राच्या हुकावरून निदान उतरून निघून येता येतं.

जत्रेच्या दिवशी मी पांढरी बाराबंदी घातली. बायको बघत राहिली. काठी गल्लीच्या तोंडाशी आली. "हर्र बोला हर्र"चा गजर उठला आणि मुलानं काठी कमरेला घेतली. ती उजवीकडं कलली. तो तिच्याखाली गेला, सहज गेला, जसं मी त्याला परसात शिकवलं होतं. माझा मुलगा चांगलं पेलतो. हे म्हणायला मला फार जड जातं.

तेवढ्यात मागून गर्दीचा लोंढा आला. शेजारचे दोघे कोलमडले, एक तरणाबांड गडी गुडघ्यावर आला. माझा पाय आपोआप मागं सरला, अंग उलटीकडं झुकलं.

मी पडलो नाही. काठी पुढं गेली.