पिंपकाकांचं विरजण

पिंपकाकांचा वास त्यांच्या आधी घरात यायचा. दारावरची बेल वाजायच्या आत मला कळायचं, की आता सोफ्यावरची चादर धुवायला काढावी लागणार. उकडलेला कोंडा, ओलं गोणपाट आणि दोन दिवस ओट्यावर विसरलेलं इडलीचं पीठ, हे सगळं एका स्वेटरमध्ये कोंबलं की झाले पिंपकाका. मी दुधाच्या कंपनीत प्रयोगशाळेत काम करते. दूध नासायच्या बेतात आहे की नाही, हे वासावरून आणि चवीवरून ओळखायचं, याचा मला पगार मिळतो. असलं नाक घेऊन मी या माणसाशेजारी इतकी वर्षं काढली, हे कुणाला सांगून पटत नाही.

त्यांना पिंपकाका हे नाव मुलांनी दिलं. दक्षिण बेटावरच्या भूकंपानंतर तिथलं हॉर्नबीतलं घर सोडून ते लेकीला घेऊन हॅमिल्टनला आले, ते आमच्या दोन घरं पलीकडे. बायको पुण्यातच वारली होती. लेक मुक्ता तेव्हा कॉलेजात जात होती. गॅरेजमध्ये लोक गाडी ठेवतात. काकांची गाडी बारा महिने बाहेर भिजायची आणि आत पांढऱ्या प्लास्टिकची पिंपं रांगेने बसलेली असायची. थंडीत त्या पिंपांना रजया गुंडाळलेल्या असत. मुक्ताची लहानपणची दुलईसुद्धा त्यांतल्या एकाच्या अंगावर होती, आणि तिच्यावर पिवळट डाग पडले होते. आत बिअर आंबत असायची. मला तर ते सगळं गॅरेज तापाने फणफणलेल्या पेशंटांचा वॉर्ड वाटायचं.

महिन्याच्या पहिल्या शनिवारी तिथे आमची पुरुषमंडळी जमायची. माझा नवरा नितीन, आयटीतला शिरीष आणि आणखी दोघं-तिघं. सगळ्यांनाच घरी बिअर करायचं खूळ लागलेलं, आणि ते लावलेलं काकांनीच. या बैठकीला काका ‘हजेरी’ म्हणायचे. जंडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला, घालून सगळे कोंडाळं करून बसायचे आणि प्रत्येकाने सध्या पिंपात काय आहे आणि पुढे काय करणार आहे, ते सांगायचं. “सध्या पेल एल, पुढच्या महिन्यात स्टाउट,” शिरीष म्हणायचा. नितीन म्हणायचा, “सध्या काही नाही, पण यंदा झाडाखाली हीप्स ऑफ फीजोआ पडलेत, ती फळं टाकून बघणार.” मग काकांची पाळी. ते मांडी ठोकून सांगायचे, “सध्या कोकम. पुढे मेथी.” मेथीची बिअर! आणि हे बाप्ये माना डोलवायचे.

काकांचा सगळा धर्म विरजणात होता. बिअर आंबायला यीस्ट लागतं, त्याची पाकिटं दुकानात मिळतात, आणि बाकीचे ती आणायचे. काका कधी नाही. पिंप रिकामं झालं की तळाचा राखाडी गाळ ते स्टीलच्या डब्यात काढून ठेवायचे आणि पुढच्या पिंपात घालायचे. “विरजण काय दुकानातून आणतात का हो, वहिनी?” ते मला विचारायचे. “दह्याचं आणता?” मी म्हणायचे, “काका, दह्याचं विरजण बिघडलं तर मी फेकते.” त्यावर त्यांचं उत्तर ठरलेलं होतं: “बिघडत नाही, वळण बदलतं.” वर्षानुवर्षं एकच गाळ एका पिंपातून दुसऱ्यात फिरत राहिला आणि त्याचं वळण माझ्या मते गटाराकडे होतं.

काम करायची त्यांची रीत तर बघवत नसे. माल्टचं, म्हणजे मोड काढून वाळवलेल्या सातूचं, पाणी ढवळायला डाव होता, पण डाव तोकडा पडला की काका बाही वर करून कोपरापर्यंत हात घालायचे. पिंपात चिलट पडलं तर बोटाने काढायचे आणि “त्यालासुद्धा आवडली,” म्हणायचे. बोट मग बनियनला पुसायचे आणि तेच बोट चव बघायला परत आत. उरलेला कोंडा टाकायचा नाही, म्हणून त्याची थालीपीठं. एकदा त्यांनी डबाभर आणून दिली. मी, नितीन आणि आमचा मुलगा, तिघंही रात्रभर घशात अडकलेली टरफलं खाकरत बसलो होतो, आणि सकाळी काका विचारायला हजर: “खुसखुशीत झाली होती ना?”

एकदा तर नितीनने त्यांचं विरजण डबा घट्ट लावून आमच्या फ्रीजमध्ये ठेवलं. तो गाळ जिवंत असतो, आत हवा धरतो, एवढं साधं या इंजिनिअरच्या डोक्यात आलं नाही. मी संध्याकाळी फ्रीज उघडला तर झाकण उडालेलं, कोथिंबिरीवर, खवलेल्या नारळावर, मुलाच्या वाढदिवसाच्या केकवर राखाडी शिंतोडे. मी काकांना बोलावून दाखवलं. ते खाली वाकले, केकवरचा एक थेंब चाटला आणि म्हणाले, “जोर आहे अजून.” मी त्या दिवशी ओरडले ते पार कोपऱ्यावरच्या डेअरीपर्यंत ऐकू गेलं असेल. काकांनी निमूटपणे अख्खा फ्रीज पुसून दिला, दुसरा केक आणून दिला आणि त्या केकलाही त्यांच्या स्वेटरचा वास येत होता.

बिअर मला एरवीही आवडत नाही. पण काकांनी आग्रह केला म्हणून एका हजेरीला कोकमवाली तोंडाला लावली. लावली आणि सिंककडे धावले. “काका, घाण आहे.”

“किती घाण?” त्यांनी अगदी शांतपणे विचारलं.

“ओलं पायपुसणं चोखल्यासारखं वाटतंय.”

ते खो खो हसले. शिरीष लगेच म्हणाला, “वहिनींना बिअरच कळत नाही, काका. सॉलिड आहे. वेगळीच आहे.” नितीन म्हणाला, “इंटरेस्टिंग.” बाकीच्यांनी ‘हीप्स ऑफ कॅरेक्टर’ वगैरे काहीतरी म्हटलं. घरी येताना नितीनने फाटकापाशीच बागेच्या नळाला तोंड लावून चूळ भरली. मी म्हटलं, तोंडावर सांगायला काय जातं? तर म्हणे, अगं, मोठा माणूस आहे, कसं सांगायचं?

मला याचाच राग यायचा, कारण काका स्वतः कुणाचीही भीड ठेवत नसत. शिरीषच्या पहिल्या स्टाउटला ते सरळ “जळकी आहे, ओतून दे,” म्हणाले होते. नितीनच्या फीजोआ बिअरला त्यांनी “खोकल्याचं औषध” म्हटलं. माझ्या पोळ्यांनाही त्यांनी चामडं म्हटलं होतं आणि तरी चार खाल्ल्या होत्या. ऐकून राग यायचा, पण शिरीषची पुढची स्टाउट खरंच चांगली झाली. आणि आणखी एक सांगते. माझी आई गेली तेव्हा मला तिकिटाची जुळवाजुळव झाली नाही, पुण्याला पोचता आलं नाही. सगळे येऊन “काही लागलं तर सांगा” म्हणून गेले. काका आले, काही न बोलता सिंकमधली भांडी घासली, पिठलं-भात केला आणि मी जेवेपर्यंत समोर बसून राहिले. घरभर त्यांचा तो आंबूस वास भरला होता, आणि त्या दिवशी तो मला चालला. नुसता चालला नाही, बरा वाटला.

मग मुक्ताचं लग्न ठरलं. मुलगा इथलाच, त्याचे वडील ग्रॅहम मोरिन्सव्हिलचे, गाईंचा मोठा फार्म असलेले, आणि स्वतः घरी बिअर करणारे. काकांना आकाश ठेंगणं झालं. हजेरीत त्यांनी जाहीर केलं, “सध्या काही नाही. पुढे एकच: लग्नात प्रत्येकाच्या हातात माझी बिअर.” सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. “काका, ग्रॅहम वेडा होईल,” शिरीष म्हणाला. लेकीच्या सासरची शंभरेक माणसं एक घोट घेऊन रुमालात थुंकताना मला डोळ्यांसमोर दिसायला लागली. मी काकांना बाजूला घेऊन सांगितलं, हे करू नका. ते म्हणाले, “तुम्ही एकट्या घाण म्हणता, वहिनी. हे पाच जण छान म्हणतात. मी कुणाचं ऐकू?”

लग्नाच्या आदल्या महिन्यातली हजेरी. मी पोह्यांसाठी लिंबं आणायला गॅरेजच्या मागे गेले. तिथे एक लिंबाचं झाड होतं, त्याची अर्धी पानं पिवळी पडून गळाली होती आणि बुंध्यापाशी मातीवर राखाडी गाळ वाळला होता. वास घ्यायची गरजच नव्हती. मी तशीच आत आले आणि वाट बघत बसले. काकांनी ग्लास भरून दिले. थोड्या वेळाने फोन आल्याचं निमित्त करून शिरीष उठला, त्याच्यामागे नितीन. मी काकांना म्हटलं, “काका, जरा मागे चला, मला लिंबं काढून द्या.”

आम्ही कोपरा वळलो तर माझा नवरा आणि शिरीष शेजारी-शेजारी उभे, दोघांचे ग्लास झाडावर उपडे.

“काका, थोडा गाळ आला होता,” नितीन म्हणाला.

“दोघांच्याही?”

काकांनी झाडाकडे पाहिलं, मातीकडे पाहिलं. “शिरीष, तुझी स्टाउट जळली होती तेव्हा मी काय म्हटलं होतं?”

“जळकी आहे म्हणालात.”

“मग मला का नाही?”

“काका, तुम्ही मोठे. तुम्हाला वाईट वाटलं असतं.”

काका तिथल्याच उलट्या बादलीवर बसले. “अरे, वर्षभर मलाही ती आंबट लागतेय,” ते म्हणाले. “मला वाटलं, वयाने जीभ गेली. तुम्ही सगळे छान म्हणताय, म्हणजे बिघाड माझ्यातच असणार. मी डॉक्टरकडे जाऊन आलो, माहितीये? त्याने डोक्याचं स्कॅन करायला सांगितलंय. मुक्ताला अजून बोललो नाही. लग्नात कशाला तिला घोर.”

नितीन रडायचाच बाकी होता. मला मात्र त्याची दया आली नाही. त्या माणसाची बिअर तोंडाला लावून मी सिंककडे धावले होते, पण एवढी शिसारी मला तिची कधी आली नव्हती, जेवढी त्या क्षणी या चांगल्या वागणाऱ्या मंडळींची आली. एक माणूस मेंदूत काहीतरी झालंय म्हणून वर्षभर एकटा घाबरत होता, आणि हे त्याला वाईट वाटू नये म्हणून झाड मारत होते.

काकांनी त्याच दुपारी विरजणाचा डबा परसात रिकामा केला, पिंपं सोड्याच्या कढत पाण्याने धुतली आणि गाडी काढून यीस्टचं पाकीट आणायला गेले. लग्नातली बिअर त्या पाकिटाची होती. ग्रॅहमने तिसरा ग्लास मागितला तेव्हा काका मांडवातून वाट काढत माझ्याकडे आले. “वहिनी, मला गोड लागतेय! जीभ शाबूत आहे माझी.” असा फुललेला चेहरा मी त्यांचा कधीच पाहिला नव्हता.

पुढे हजेरी मात्र पूर्वीसारखी झाली नाही. बिअर आता खरोखर चांगली होत होती, मंडळी मनापासून वाहवा करत होती, आणि काकांचा विश्वास बसत नव्हता. कुणी छान म्हटलं की ते माझ्या तोंडाकडे बघायचे. मी म्हणायचे, “पूर्वीपेक्षा कमी घाण आहे,” तेव्हा कुठे ते खुर्चीत मागे रेलायचे. हळूहळू एकेक जण यायचा थांबला. काका एका पिंपावर आले, आणि एका सकाळी मुक्ताचा फोन आला की बाबा झोपेतच गेले.

अंत्यविधीच्या हॉलमध्ये चहा-सँडविचेसच्या आधी एकेकजण उठून बोलला. शिरीष म्हणाला, ही वॉज अ मास्टर ब्रूअर. नितीन म्हणाला, त्यांची प्रत्येक बिअर स्पेशल होती. आणखी कुणीतरी लेजंड म्हणालं. ग्रॅहमची माणसं आदराने ऐकत होती. मुक्ता पुढच्या रांगेत कोरड्या डोळ्यांनी, पाहुण्यासारखी बसली होती. मी उठले, आणि समोर बसलेल्या सगळ्यांना समजावं म्हणून इंग्रजीत सांगितलं, की या माणसाची बिअर कित्येक वर्षं निव्वळ घाण होती. ते कोपरापर्यंत हात घालून ती ढवळायचे. त्यांनी माझ्या मुलाचा केक नासवला, माझ्या पोळ्यांना चामडं म्हटलं, माझी भांडी घासली. त्यांच्याइतका अस्वच्छ आणि त्यांच्याइतका सरळ माणूस मी पाहिला नाही, आणि मला ते आत्ता इथे हवे आहेत.

नितीनने मान खाली घातली. तेवढ्यात पुढच्या रांगेतून आवाज आला. मुक्ता हसत होती, तोंडावर दोन्ही हात दाबून, खांदे हलेपर्यंत, आणि हसता हसताच तिला रडू फुटलं. ती उठली आणि सगळ्यांसमोर येऊन माझ्या गळ्यात पडली.

“थँक यू, काकू,” ती माझ्या कानाशी म्हणाली. “इट वॉज सो ग्रॉस. मघापासून मला वाटत होतं, मी चुकून दुसऱ्याच कुणाच्या फ्युनरलला येऊन बसलेय.”