रस्त्यावरचा मांडव

आमच्या भागात रस्ता बांधण्यापेक्षा त्याचं भूमिपूजन करण्याकडे कल अधिक. जितके नारळ फुटले तितकी घमेली खडी पडली असती, तर मला हे लिहायला विषय उरला नसता. पालघरजवळ कोळगावला बांधलेल्या जिल्हा मुख्यालयातले रस्ते मात्र सुरेख आहेत. अडचण एवढीच, की ते आवाराबाहेर येत नाहीत.

पावसाआधीच्या शेवटच्या आठवडी बाजाराच्या दिवशी मी पालघरहून एसटीने मनोरला निघालो होतो. शेजारी सातपाटीच्या एक कोळीण मावशी होत्या आणि आमच्या पायांशी सुक्या बोंबलांनी भरलेल्या त्यांच्या पाट्या. डोंगरातल्या पाड्यांवरची माणसं पावसाळ्यापुरती सुकी मासळी याच बाजारात घेऊन ठेवतात.

"आजचा बाजार चुकला तं सगला माल घरात बुरसंल," मावशी म्हणाल्या. तिकीट काढायच्या आधी म्हणाल्या, नंतरही म्हणाल्या.

मासवणच्या अलीकडे बस थांबली. पुढे रस्त्याच्या मधोमध मांडव होता. रस्त्याच्या रुंदीकरणाचं भूमिपूजन होतं. त्यासाठी सपाट जागा हवी होती, आणि एका बाजूला शेत, दुसऱ्या बाजूला ओढा. तेव्हा रस्त्यावरच मांडव घालून रस्ता बंद केला होता. यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. सोफ्यावर टर्किश टॉवेल अंथरले होते. कुदळीला रिबीन बांधली होती. मातीने ती मळेल अशी भीती नव्हती.

"साहेब येतील, बोलतील, मग मांडव सुटेल," कंडक्टर म्हणाला.

"कवा येतील?"

"निघालेत."

साहेब लोक नेहमी निघालेलेच असतात.

तेवढ्यात कडक इस्त्रीतला एक कार्यकर्ता आला आणि त्याने ड्रायव्हरला बस मागे घ्यायला सांगितलं. मांडवात वास येत होता म्हणे.

"बोंबलाला बोंबलाचाच वास येल ना, बाबा," मावशी खिडकीतून म्हणाल्या. "अत्तराचा कुठून आनू?"

बस मागे गेली. मावशी मात्र खाली उतरल्या आणि मांडवात डोकावल्या. खुर्च्यांवर पाड्यापाड्यांतून टेम्पोने आणलेल्या बाया बसल्या होत्या. भाषण ऐकलं की बाजाराला सोडू, असं त्यांना सांगितलं होतं. सगळ्यांच्या मांडीवर रिकाम्या पिशव्या. त्यांतलीच एक उठून म्हणाली, "ती बग, आपली बोंबीलवाली."

मावशींनी मला हाक मारली. "भाऊ, जरा पाटी उतरवा." मी पाट्या एकेक करून उतरवल्या. स्वागताच्या फलकाखाली, नेमक्या साहेबांच्या छापील नमस्काराखाली, बाजार मांडला गेला. बाया बोंबील मोडून बघत होत्या, किमतीवरून हुज्जत घालत होत्या. माइकवरून एकजण माता-भगिनींना जागेवर बसायची विनंती करत होता. तिचा परिणाम इतकाच झाला, की मागच्या रांगेतल्या माता-भगिनींना पुढे काय चाललंय ते कळलं आणि त्याही उठल्या.

ज्यांची खरेदी झाली त्यातल्या बऱ्याचजणी पायवाटेने सरळ घरी निघाल्या. मासळी मिळाल्यावर मनोरला जायचं कारण नव्हतं, आणि भाषण ऐकायचं कारण तर आधीही नव्हतं.

मग दूरवर गाड्यांचा ताफा दिसला आणि कार्यकर्त्याला रिकाम्या खुर्च्या दिसल्या. मघाशी वासामुळे मागे ढकललेल्या बसकडे तो धावत गेला. "चला, चला, सगळ्यांनी आत बसून घ्या, सरबत आहे." आम्हा प्रवाशांची जनता झाली. मला दुसरी रांग मिळाली.

"मावशी, तुम्हीपण बसा ना," तो आता गोडीत म्हणाला. "साहेब तुमच्यासाठीच आलेत."

मावशी पाटीत पाटी घालत होत्या. "माजा बाजार झाला. साहेबाचा चालू दे," म्हणाल्या, आणि मागे अडकून परत वळणाऱ्या एका रिक्षात बसून पालघरला गेल्या.

साहेबांनी विकासाच्या वेगावर सविस्तर भाषण केलं. आमची बस मनोरला पोचली तेव्हा विक्रेते ताडपत्र्या गुंडाळत होते.