सिंदीचा कॅमेरा, जर्मनीतलं लग्न

व्हिसा अजून यायचाच होता, तेवढ्यात नवऱ्याने आमच्या सिंदी रेल्वे गावातल्या स्टुडिओच्या पाटीवर ‘देश-विदेशात लग्नाचे फोटो काढून मिळतील’ असं रंगवून घेतलं. झालं. दूध आणायला बाहेर पडले तरी लोक विचारू लागले, ‘केव्हा जाऊन राह्यल्या?’ मी नवऱ्यावर वरवर चिडले. आतून मात्र इतकी हरखले होते की कॅमेऱ्याची बॅग रोज भरायची आणि रोज रिकामी करायची.

लग्न होतं केळझरच्या एका घरातल्या धाकट्या मुलीचं. वांगी, पालक, सांबार म्हणजे कोथिंबीर पिकवून वर्ध्याच्या बाजारात नेणारं घर. मुलगी शिकायला जर्मनीला गेली, तिथेच नोकरीला लागली आणि बरोबर काम करणाऱ्या एका उंच, लाजाळू मुलाशी तिने लग्न ठरवलं. लग्न त्याच्या आईवडलांच्या बागेत, पण आपल्या पद्धतीने. आता तिकडच्या फोटोग्राफरला अंतरपाट म्हणजे काय हे कोण समजावत बसणार? म्हणून मी.

निघायच्या आधी मुलीच्या आई मुद्दाम स्टुडिओत आल्या. मी त्यांना काकू म्हणते. आमच्याकडे लग्न लागताना मुलीची आई मांडवात थांबत नाही. मंगलाष्टकं सुरू झाली की ती आत जाते आणि तुळशीला पाणी घालत बसते. टाळ्या-वाजंत्री ऐकू आली की समजायचं, लागलं लग्न. काकूंनी थोरल्या मुलीच्या लग्नात हे पाळलं होतं. तेव्हा मी या धंद्यात नव्हते. त्या लग्नाचा अल्बम त्यांनी पिशवीतून काढला आणि अंतरपाट खाली गेल्यावरचा फोटो दाखवला. फोटोत मोबाइल धरलेले हात होते, कोणाचं तरी कोपर होतं, उधळलेल्या अक्षता होत्या. नवरी कुठेच नव्हती.

“थोरलीचं तोंड मले दिसलंच नाई,” काकू म्हणाल्या. “हिचं तेवढं दाखवजो, बाई.”

मी छातीठोकपणे हो म्हटलं. स्टेजवर चढणाऱ्या मामा-काकांना खाली हाकलण्यात आमच्या तालुक्यात माझा हात कोणी धरत नाही. त्यात तिकडचे पाहुणे मोजके आणि शिस्तीचे. मला वाटलं, हा फोटो तर झोपेतसुद्धा काढीन.

जर्मनीत उतरल्यावर पहिली अडचण निघाली तुळशीची. विमानातून रोप न्यायचं नाही असं मुलीने बजावलं होतं, आणि तुळशीशिवाय काकू बसणार कुठे? आम्ही सगळे दुकानात गेलो. काका, म्हणजे नवरीचे वडील, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेल्या काकडीपाशीच अडकले. काकडीला थंडी वाजते का, असं त्यांनी मला दोनदा विचारलं. शेवटी मुलीने एक कुंडी आणली. पानं गुबगुबीत, वास ओळखीचा आणि तरी वेगळा. ही इकडे जेवणात घालतात, असं ती म्हणाली. काकूंनी पान चुरगळून हुंगलं, थोडा वेळ विचार केला आणि तुळशीची मावसबहीण म्हणून ती कुंडी पास केली.

दुसरी अडचण नवरदेवाची उंची. लग्नाच्या सकाळी दोन पाहुण्यांनी अंतरपाट धरला तर नवरदेवाचं डोकं, मान आणि निम्मी छाती वरून दिसत होती. तो तिकडून नवरीकडे बघून आनंदाने हसत होता. अंतरपाटाचा अर्थच संपला. नवरीच्या मामांनी तिला शीतपेयांच्या क्रेटवर उभं केलं, धरणारे टाचा उंचावून उभे राहिले, तरी भागेना. मग नवरदेव स्वतःच म्हणाला, मी डोळे मिटतो. आणि त्याने इतके घट्ट मिटले की नाकाला सुरकुत्या पडल्या. मला त्या क्षणी तो जावई म्हणून फार आवडला. हसता हसता माझा कॅमेरा हलत होता.

काकू कुंडी आणि तांब्या घेऊन नवरदेवाच्या मागच्या बाजूला, स्वयंपाकघराच्या पायरीवर जाऊन बसल्या. मांडवाकडे पाठ. मी त्यांना हाताने खूण केली, काळजी करू नका. पाठ असल्यामुळे ती त्यांना दिसलीच नाही.

मंगलाष्टकं मामा म्हणणार होते, मोबाइलमध्ये बघून. त्याआधी त्यांनी पाहुण्यांना अक्षता वाटल्या आणि आपल्या इंग्रजीत समजावलं की ‘सावधान’ ऐकलं की टाकायच्या. प्रत्येक कडव्याला चिमूटभर टाकायच्या आणि शेवटासाठी राखून ठेवायच्या, हे मात्र त्यांनी सांगितलं नाही. सांगायचं सुचणार तरी कसं? आपल्याला हे कोणी कधी शिकवलेलंच नसतं.

पहिलं कडवं संपलं. मामांनी सूर लावून “सावधान” म्हटलं, आणि सगळ्या पाहुण्यांनी एकदम, मुठी भरभरून, होत्या नव्हत्या तेवढ्या अक्षता उधळल्या. वर जल्लोष, टाळ्या, शिट्ट्या. नवरदेवाच्या आजींनी तर वाटीच पालथी केली, तीही माझ्यावर. केसांत तांदूळ, ब्लाउजात तांदूळ, लेन्सवर हळद. लग्न लागलं असं समजून पाहुणे एकमेकांना मिठ्या मारू लागले. नवरदेवाने डोळे उघडले. मामा ओरडत होते की अजून आहे, अजून आहे. काका गवतात बसून अक्षता वेचायला लागले, पण ओल्या गवतातून किती हाती लागणार?

मी पदराने लेन्स पुसत होते आणि हसू आवरत नव्हतं. मग एकदम पायरी आठवली. तिकडे काकूंनी टाळ्या ऐकल्या असणार. त्यांच्या हिशेबी लग्न लागलं होतं, आणि मी अजून काहीच टिपलं नव्हतं.

मामांनी सगळ्यांना पुन्हा जागेवर लावलं, नवरदेवाने पुन्हा डोळे मिटले आणि उरलेली कडवी सुरू झाली. आता पाहुणे मुकाट उभे. हातात काही नाही, म्हणून हात जोडलेले. शेवटच्या सावधानला अंतरपाट खाली आला तेव्हा माझ्यासमोर एक दाणा उडाला नाही, एक कोपर आलं नाही. इतका स्वच्छ मुहूर्त मी आयुष्यात पाहिला नव्हता.

पण नवरी नवरदेवाकडे बघतच नव्हती. ती क्रेटवरून एका अंगाला कलली होती आणि त्याच्या काखेखालून पलीकडे बघत होती. डोळे भरलेले आणि तोंडभर हसू. मी बटण दाबलं. मग ती काय बघते म्हणून कॅमेरा तिकडे वळवला.

पायरीवर काकू उभ्या होत्या. तोंड मांडवाकडे. हातातला तांब्या कलंडलेला, पाणी कुंडीत न पडता त्यांच्याच पायावर धो-धो पडत होतं, आणि त्याचा त्यांना पत्ताच नव्हता. मी तोही फोटो काढला. माझे डोळे इतके भरून आले होते की तो नीट आला की नाही हे मला नंतरच कळलं.

जेवणं झाल्यावर मी कॅमेरा घेऊन मोठ्या ऐटीत त्यांच्याकडे गेले. एवढ्या दूर आणलेलं वचन पुरं करायचं होतं. मी म्हटलं, काकू, हे बघा, मुलीचं तोंड. त्यांनी कॅमेरा हाताने बाजूला सारला.

“राहू दे. म्या पाह्यलं.”

मग मी दुसरा फोटो दाखवला. त्या बराच वेळ स्वतःकडेच बघत राहिल्या. हा यायले दाखवू नको, एवढंच त्या काकांकडे नजर टाकत हळूच म्हणाल्या. मी त्याची एक प्रत गावी आल्यावर त्यांना गुपचूप दिली.

अल्बम द्यायला केळझरला गेले तेव्हा काकांनी चष्मा लावून एकेक पान सावकाश पाहिलं. काखेखालच्या फोटोवर ते थांबले.

“ऐन लग्नाच्या वेळी हे कोणाकडे पाहून राह्यली?”

मी चहाच्या कपात तोंड घातलं. काकू वांग्याचे देठ काढत होत्या. त्यांनी मानही वर केली नाही.

“तुळशीकडे,” त्या म्हणाल्या.

काकांनी समाधानाने मान हलवली. पोरगी विदेशात राहूनही काही विसरली नाही, असं म्हणत त्यांनी पान उलटलं.