पिकअपच्या दारावरचा पत्रा

मी गाव सोडले त्या सकाळी मला पोचवायला एकच माणूस आला होता, आणि त्याला एकच पाय होता. माझे वडील किसन काखेत लाकडी कुबडी धरून घरापासून फाट्यापर्यंत चालत आले. त्यांचा उजवा पाय गुडघ्याखाली कापून तीन महिने झाले होते. माझ्याजवळ एक पत्र्याची पेटी होती. मी पहाटे तोंड लपवून पळालो, असे भीमपूरकडची काही मंडळी आजही सांगतात. ते खोटे आहे. आदिलाबादची बस नऊची होती, उन्हे चांगली वर आली होती आणि चहाच्या टपरीवर निदान दहा जण बसले होते. त्यांनी माना फिरवल्या. मी फिरवली नाही. बस आली तेव्हा वडील मला नावाने हाक मारून एवढेच म्हणाले, "जाय देवा. पन मान खाली घालून जाऊ नोको."

गावात राहिलेल्यांसाठी आणि माझ्यासारख्या बाहेर गेलेल्यांसाठी मी हे लिहीत आहे. निमित्त एका पुस्तिकेचे आहे. ज्यांच्या कापसाच्या गाडीवर मी चालक होतो, त्या शेटजींच्या वर्षश्राद्धाला त्यांचे चिरंजीव वसंतराव यांनी ती छापून वाटली. तिच्यात असे वाक्य आहे: 'चालकाच्या निष्काळजीपणामुळे गाडी उलटली व एका मजुरास पाय गमवावा लागला; तरीही शेटजींनी थोर मनाने त्या चालकास क्षमा केली.' निष्काळजीपणाचा आरोप मी एक वेळ पचवला असता. क्षमा मला पचणार नाही.

आता जे घडले ते ऐका. मंचेरियलकडच्या एका लिलावातून शेटजींनी एक जाडजूड पिकअप आणली. तिला मागे लोखंडी आकडा होता. ट्रॅक्टर आदिलाबादच्या बाजारात पोचेपर्यंत दुपार होते, म्हणून शेटजींनी ट्रॅक्टरची ट्रॉली या पिकअपच्या आकड्याला जोडायची टूम काढली. गावात मोटार हाकणारा मी पहिला, आणि तोही बुद्धवाड्यातला. हे किती जणांच्या डोळ्यांत खुपत होते, ते मला ठाऊक आहे. चालकाच्या दाराच्या चौकटीवर एक लहानसा पत्रा होता, त्यावर इंग्रजी अक्षरे आणि आकडे. मी मराठी चौथी शिकलेला. रोज सकाळी रॉकेलच्या बोळ्याने मी तो पत्रा चकचकीत करत असे. तो वाचायची गोष्ट असेल, हे माझ्या मनात कधी आले नाही.

कापूस हलका असतो, अशी आपल्या भागात सगळ्यांची समजूत आहे. ट्रॉलीच्या फळ्यांवर माणूसभर उंच भरून, वर चार माणसे नाचवून तुडवला तरी तो आपल्याला हलकाच वाटतो. आणि त्यावर पाणी मारतात, हेही आपण सगळे जाणतो. बाजारात काट्यावर वजन वाढावे म्हणून थरावर थर भरताना बादलीने शिंपडायचे, ही घरोघरची रीत होती. त्या सकाळीही शेटजींच्या सांगण्यावरून पाणी मारले गेले. बादली माझ्याच हातात होती. हे मी लपवत नाही, कारण मला लपवण्यासारखे काही उरलेले नाही.

वडील शेटजींकडेच सालदार होते. कापूस तुडवून ते ट्रॉलीवरच बसले. आयुष्यभर बैलगाडी हाकलेला माणूस. निघण्याआधी त्यांनी आकड्यापाशी वाकून पाहिले आणि शेटजींना सांगितले की भार मागे पडला आहे, गाडी उलार झाली आहे. बैलगाडी असती तर जू बैलांच्या मानेवरून उचलले गेले असते. पुढचा नाल्याचा उतार या जोडीला झेपणार नाही. शेटजी हसले. "किसन, कापूसच तं हाय, लोखंड नाई. अन् हे बैल बी नाईत. चाल रे देवा." मी वडिलांकडे पाहिले आणि शेटजींचे ऐकले. माझ्या हातून झालेली चूक ती एवढीच, आणि तिच्याबद्दल बोलण्याचा अधिकार फक्त माझ्या वडिलांना होता.

गावाबाहेर वजनकाटा होता. बाजारातल्या काट्यावर शेटजींचा विश्वास नव्हता, म्हणून ते प्रत्येक खेप आधी तिथे तोलून घेत. काटेवाल्याने पिकअप आणि ट्रॉलीची मिळून एक पावती दिली. ती मी सदऱ्याच्या खिशात ठेवली. पुढे उतार लागला. मी ब्रेक दाबला. पिकअप थांबू पाहत होती, पण मागची ट्रॉली थांबत नव्हती; तिला स्वतःचे ब्रेक नव्हते. तिने आम्हाला मागून ढकलले, मग आडवी झाली आणि दोन्ही गाड्या अडकित्त्यासारख्या मिटल्या. वडील खाली पडले. ट्रॉलीचे चाक त्यांच्या पायावर होते.

पंचनाम्याला फौजदार आला तेव्हा शेटजींनी बयान दिले की चालक प्यायलेला होता. मी आयुष्यात दारूला हात लावलेला नाही. उतारभर कापूस पसरला होता आणि त्यातले पाणी मातीत झिरपताना सगळ्यांना दिसत होते. एकानेही तोंड उघडले नाही. पाण्याचे नाव काढले असते, तर प्रत्येकाच्या घरातल्या बादलीचे नाव निघाले असते. माझ्याकडे बोट दाखवणे त्यापेक्षा सोपे होते.

गाव सोडल्यावर मंचेरियलला चार वर्षे मी लॉरी चालवली. तिथल्या तेलुगू लोकांसाठी मी 'मराठोडु' होतो, म्हणजे मराठी माणूस. मग कुवेतला गेलो. तिथल्या अरबांसाठी 'हिंदी' झालो, म्हणजे हिंदुस्थानी. गावात माझे एक नाव होते, ते पिणारा ड्रायव्हर असे झाले होते. म्हणून ही नवी नावे मला जड गेली नाहीत. कुवेतमध्ये मोठमोठ्या पिकअपला बोटी आणि यंत्रे जोडून ओढायचे काम होते. आमचे फोरमन करीमनगरचे राजय्या. पहिल्या दिवशी त्यांनी मला किल्ली दिली नाही. दार उघडून चौकटीवरच्या पत्र्यासमोर उभे केले आणि तेलुगूत म्हणाले, आधी हे वाच. शेटजींच्या पिकअपवर होता तसलाच पत्रा.

त्यांनी मला एकेक आकडा शिकवला. गाडीने स्वतःच्या अंगावर किती वागवायचे, मागे जोडलेले किती असावे, आणि गाडी, माणसे, माल, ट्रेलर सगळे मिळून किती, जे कधीही ओलांडायचे नाही. ट्रेलरच्या भाराचा साधारण दहावा हिस्सा जोडणीच्या लोखंडी आकड्यावर पडला पाहिजे. कमी पडला तर ट्रेलर मागून शेपूट हलवतो. राजय्या म्हणत, इंजिन किती ओढते याची फुशारकी कोणीही मारतो. उतारावर ब्रेक किती धरतात ते मला सांग. मी ऐकत होतो आणि मला वडिलांचे आकड्यापाशी वाकणे दिसत होते. शाळेची पायरी न चढलेल्या माणसाने हे सगळे एका शब्दात सांगितले होते: उलार.

त्या दिवशी खोलीवर येऊन मी पेटी उघडली. पावती तळाशी होती. सहा हजार आठशे चाळीस किलो. पण शेटजींच्या पिकअपवरचा आकडा मला आठवेना. इतक्या वेळा पुसलेला, एकदाही न वाचलेला. तो पाहण्यासाठी मला परत यायचे होते, आणि परत यायला मला एकोणीस वर्षे लागली. दरम्यान वडील गेले. त्यांना काही दाखवता आले नाही, याचा हिशेब मी कोणाशी मिटवू?

परतल्यावर मंचेरियलला घर बांधले आणि शेटजींच्या वर्षश्राद्धाला गावी गेलो. पेचकस आणि पावती खिशात होती. गोदामामागे कडुनिंबाखाली ती पिकअप चाके नसलेली पडून होती. वसंतरावांनी स्वतःच्या हाताने मला पुस्तिका दिली. ते वाक्य मी तिथेच वाचले. मग सगळ्यांसमोर विचारले की पिकअपच्या दारावरचा तो पत्रा आठवण म्हणून नेऊ का.

"न्या ना देवाकाका. भंगारच तं हाय," ते म्हणाले. "आख्खी गाडी न्या म्हनलं तरी चालते." लोक हसले.

पत्रा काढून मी रॉकेलने पुसू लागलो. त्यावरचा आकडा पावतीपेक्षा मोठा निघाला असता, तर इतक्या वर्षांचा राग मला मुकाट्याने गिळावा लागला असता. गंज निघाला. सगळे मिळून कमाल भार: चार हजार पाचशे किलो.

मी पत्रा आणि पावती शाळेच्या गुरुजींच्या हातात दिली. त्यांनी दोन्ही आकडे मोठ्याने वाचले आणि वजाबाकी करून सांगितली: दोन हजार तीनशे चाळीस किलो जास्त. तेव्हा टपरीवाला संभा, त्या सकाळी मान फिरवणाऱ्यांतला, मागून बोलला, "अन् कापसाले पानी कोनं मारलं होतं, तेबी सांग ना देवा."

"मी मारलं. शेटजीच्या सांगन्यावरून. सोळा बादल्या," मी म्हणालो. "तुवा त्या वर्षी किती मारल्या होत्या, संभा?"

गुरुजींनी पत्रा आणि पावती माझ्या हातात परत दिली.

तो पत्रा मी वडिलांच्या घराच्या दारावर ठोकला आणि शेजारी काचेत पावती लावली. शेटजींच्या गोदामाकडे जाणारा रस्ता त्याच दारासमोरून जातो. आठवड्याभरात वसंतराव आले. बसले नाहीत. "काका, पुढच्या छपाईत ते वाक्य काढतो. पन हे बी काढा. येनारे-जानारे वाचून राह्यले."

"वाचाले तं लावलं," मी म्हणालो. वाक्य काढू नको, असेही सांगितले. लोकांनी आधी तुझ्या पुस्तिकेतली क्षमा वाचावी आणि मग माझे दार.

मंचेरियलचे माझे घर दुमजली आहे. नातवंडे तिथे तेलुगूत भांडतात आणि माझ्याशी मराठीत बोलतात. मला ते आवडते. गावचे घर मातीचे, रिकामे. दर बुद्धपौर्णिमेला मी तिथे जातो, दिवा लावतो आणि रॉकेलच्या बोळ्याने पत्रा पुसतो. याच दारातून माझे वडील कुबडी टेकत मला पोचवायला बाहेर पडले होते. कोणी मला माझे घर कुठले विचारले, तर मी मंचेरियलचा पत्ता देत नाही. भीमपूरच्या फाट्यावर उतरा, शेटजींच्या गोदामाची वाट धरा आणि पत्रा ठोकलेले दार विचारा, असे सांगतो. आता ते गावातला कोणीही दाखवतो. दाखवावेच लागते.