फिरवलेली लायब्ररी

"कांबळेबाई, तुमच्या मशीननं आज पुन्हा संप केला वाटतं?" साठेसाहेब गालात हसत म्हणाले.

मी हसले नाही. प्रिंटरनं कागदावर एक नाव छापलं होतं आणि पुढं 'अनडिफाइन्ड'. म्हणजे प्रोग्रॅमनं काहीतरी मागितलं आणि मशीनला ते सापडलं नाही.

"सकाळी चाललं होतं, सर."

"सकाळी माझी स्कूटरपण चालली होती."

साठेसाहेब आमच्या मिलच्या संगणक विभागाचे मॅनेजर. मी प्रोग्रॅमर. 'या दिवसा मशीनला भरवतात आणि संध्याकाळी त्याच्याविरुद्ध पत्रकं काढतात', अशी ते माझी पाहुण्यांना ओळख करून देतात. साफ खोटं. मी मशीनविरुद्ध लिहीत नाही. मशीन आलं म्हणून माणसाला घरी बसवण्याविरुद्ध लिहिते. हा फरक साहेबांना चांगला कळतो, म्हणून तर चिडवतात.

असा घरी बसवायला काढलेला माणूस आमच्याच खोलीत होता. नरसय्यामामा. जॅकार्डच्या मागाला पुठ्ठ्याची भोकं पाडलेली कार्डं लागतात, त्या भोकांप्रमाणे चादरीवर मोर उमटतो. मामांची हयात ती कार्डं करण्यात गेली. मग मिलनं तो विभागच बंद केला. युनियननं भांडून मामांना आमच्याकडं आणलं, कारण संगणकालाही भोकांचीच कार्डं लागतात. साहेबांनी अट घातली: शुक्रवारी मालकांसमोर नवा प्रोग्रॅम चालला तर मामा कायम. नाही चालला तर घरी.

प्रोग्रॅमच्या चुकीसाठी कार्डं लावणाऱ्याची नोकरी! विचारायला गेले तर म्हणे, "विभाग चालत नसेल तर माणसं वाढवू कशाला?"

प्रोग्रॅम साधा होता. कुठल्या डिझाइनला कुठल्या रंगाचं किती सूत रंगवायचं ते सांगायचा. भाषा फोरट्रान. आता त्या भाषेत आपण नुसतं 'छाप' म्हणतो. प्रत्यक्ष छापायची खटपट करणारी कार्डं वेगळीच असतात. अशी सगळी तयार कामं मशीनवाल्या कंपनीनं एका भल्यामोठ्या गठ्ठ्यात दिली होती. त्याला लायब्ररी म्हणतात. कंपनीचं म्हणणं, अख्खा गठ्ठा भरा. आमच्या मशीनची मेमरी एवढीशी. लायब्ररी आत गेली की प्रोग्रॅमला उभं राहायला जागा नाही. पिठलं करायचं तर सगळा किराणा ओट्यावर मांडा, असला न्याय!

मी गठ्ठा फोडला. एकेका कामाचा सुटा संच केला, त्याला रबर लावलं. कार्डं आत घेणाऱ्या प्रोग्रॅमला लोडर म्हणतात. त्याला सांगितलं, कुणी मागितलेला संच तेवढा घे, बाकीचे सोडून दे. आमच्या कामाला तीनच संच लागायचे. प्रोग्रॅम छपाईला बोलवायचा, छपाई आकड्यांना, आकडे दशांशाला. मेमरीत मावलं. चाललंही.

आणि मग कधी चालेना. पुन्हा चाले. पुन्हा बंद. कधी आकडे सापडत नव्हते, कधी दशांश. कार्डं तीच, मशीन तेच. माझी खात्री झाली की कंपनीनं सदोष माल गळ्यात मारला आहे. पत्रकाचा मसुदाही तयार झाला.

गुरुवारी मी मशीनपाशीच उभी राहिले. मामांनी ट्रे उचलला. माझा प्रोग्रॅम पुढं ठेवला. मग लायब्ररीचे वरचे दोन संच उचलले आणि सगळ्यांच्या खाली घातले.

"मामा! हे काय?"

"काय म्हंजे? फिरवलं की."

"का?"

"रोज एकच संच म्होरं लावला तर त्योच झिजतोय. आमी मागावर बी असंच करायचो. कार्डांची माळ असती ताई, गोल. कुठनं बी सुरू करा, मोर त्योच येतोय."

मी डोक्याला हात लावला. लोडर गोल फिरत नाही. तो कार्डं एकदाच वाचतो. गल्लीतून कोथिंबीरवाली ओरडत जाते, आणि ती गेल्यावर आईला आठवतं की कोथिंबीर हवी होती, तसं. दशांशाचा संच आधी गेला तर त्याला तेव्हा कुणी मागितलेलंच नसतं. लोडर त्याला सोडून देतो. मागून आकडे येऊन हाका मारत बसतात.

"मग सोपं आहे," मी जाऊन सांगितल्यावर साहेब म्हणाले. "मामांना सांगा, फिरवायचं नाही. ऑर्डर."

"आणि दुसऱ्या पाळीत कुणी असंच फिरवलं तर? त्यालाही ऑर्डर? माणसानंच का बदलायचं, सर? मशीनला बदला की."

"आलं पत्रक," साहेब म्हणाले.

मी सगळ्या संचांची दुसरी प्रत पंच करून घेतली आणि पहिलीच्या मागं जोडली. तीच माळ, दोन फेऱ्या. पहिल्या फेरीत जो हुकला तो दुसऱ्या फेरीत सापडणारच. जो आधीच आत गेला त्याला लोडर पुन्हा घेत नाही, म्हणजे मेमरीही तेवढीच.

मामांना पटलं नाही. "आता कार्डं दुप्पट झिजणार की!"

शुक्रवारी मालक आले. साहेबांनी टाय लावला होता. मामांनी ट्रे उचलला, मालकांकडं बघून नमस्कार केला आणि दोन्ही प्रती शांतपणे फिरवल्या. साहेबांचा हात टायकडं गेला. कार्डं सळसळत आत गेली आणि प्रिंटर खडखडायला लागला. तांबडं इतकं, हिरवं इतकं, काळं इतकं.

"हे गृहस्थ कोण?" मालकांनी विचारलं.

"आमचे कायमचे," मी साहेबांच्या आधी म्हणाले. साहेबांना मान हलवावी लागली.

तो कंपनीविरुद्धचा मसुदा तेवढा माझ्याकडं उरला. मामांनी तो चष्मा लावून वाचला. पानं वरखाली करून पुन्हा वाचला.

"कसा आहे?"

"जॅकार्डवानी हाय, ताई. कुठनं बी सुरू करा, त्येच येतंय. पर तुमाला पायजे काय, त्ये पार शेवटच्या पानावर. तवर मानूस चालला की निघून."

आधी मागितलं नाही तर सोडून देतो, हा लोडरचा नियम मीच त्यांना समजावला होता. तेव्हापासून माझ्या पत्रकात मागणी पहिल्या ओळीत असते. कारणं मागून.