कुट्टी मशीनला लावलेली काट्याची चिप

मी धुळ्यात वजनकाटे दुरुस्त करतो. काटेवाल्याला शेवटच्या ग्रॅमचं वेड असतं, आणि त्या वेडापायी मी मोठ्या भावाची चार बोटं घालवली. अपघात वगैरे म्हणून कुणी माझी समजूत काढू नये.

भावाला आम्ही नाना म्हणतो. त्यांचं शेत पारोळ्याजवळ. कडब्याची कुट्टी करताना ज्वारीची शेवटची ताटं चालू मशीनमध्ये हातानेच ढकलायची, ही आमच्याकडच्या बठ्ठ्यांची, म्हणजे सगळ्यांचीच, खोड. सांगून सांगून जीभ झिजली, म्हणून मीच बंदोबस्त करायला घेतला. कडबा आत ओढणाऱ्या रोलरवर दाब मोजणारा सेन्सर बसवला. हात गेला की दाब वाढणार, क्लच सुटणार, रोलर थांबणार.

दाबाचा आकडा करून देणाऱ्या चिपा माझ्याकडे दोन जातीच्या होत्या. एक वजनकाट्यातली, चोवीस बिटची. सेकंदाला दहाच वेळा मोजते, वर सरासरी काढते, पण आकडा जराही हलत नाही. दुसरी बारा बिटची, धसमुसळी. ढोबळ मोजते, पण सेकंदाला हजारो वेळा. जाड ताट आलं तरी ती भडकून मशीन थांबवायची. हे कसलं मोजमाप, असं म्हणून मी पहिली लावली. ओल्या कडब्याची पेंढी हळूच सरकवून पाहिली, मशीन थांबलं. मिशीला पीळ देत घरी आलो.

तिसऱ्या दिवशी रोलरने नानांचा उजवा पंजा ओढला. माझी चिप सरासरी काढत बसली. मशीन थांबलं, पण तोवर पात्यांनी चार बोटं कडब्याबरोबर कापून पलीकडे फेकली होती. वहिनीने ती कुट्टीतून वेचून पदरात बांधून दवाखान्यात नेली. डॉक्टर म्हणाले, जोडण्यासारखं काही उरलं नाही. मी पोचलो तेव्हा वहिनीने माझ्या कानाखाली अशी ठेवून दिली की ओठ दातावर फाटला. मी रक्त गिळलं. नाना मधे पडले नाहीत.

नानांची जखम भरल्यावर मी दुसरी चिप बसवायला गेलो. खाटकाकडून आणलेला बोकडाचा पाय आत घातला. रोलरने खूर धरला आणि जागीच थांबला.

वहिनी पुढे आली. "बोकडना पाय काय दखाडी राहिना? तुना हात घाल."

मी मागे सरलो. तिने माझं मनगट पकडलं आणि हात आत कोंबला. रोलरने बोटं चेपली, दोन नखं उचकटली, मी गुरासारखा ओरडलो. रोलर थांबला तेव्हा पातं वीतभर लांब होतं.

"हाई चिप तुनाजोडे पहिलेबी व्हती का?" तिने विचारलं.

मी हो म्हणालो, दोन्ही चिपा पहिल्यापासून माझ्याकडेच होत्या. ती मनगट सोडून घरात निघून गेली.

नानांनी डाव्या हाताने रोलर उलटा फिरवला आणि माझी बोटं एकेक करून सोडवली. पाचही शाबूत होती.