बावीस हजेऱ्या

ज्ञानू पेंटर जळका माणूस होता, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. तसा वाईट नव्हता. दारूला शिवत नव्हता, पत्त्याला हात लावत नव्हता, गिऱ्हाइकाला कधी टोपी घातली नव्हती. पण राजारामपुरीच्या मागच्या अंगाला गाड्या रंगवणाऱ्यांच्या शेडची जी ओळ होती, तिच्या टोकाला दादासोची शेड होती, आणि तिथला कॉम्प्रेसर धडधडायला लागला की ज्ञानूच्या पोटात आग पडायची. आता कॉम्प्रेसर काय एकट्या दादासोकडंच होता? सगळ्यांकडं होता. पण आग पडायची ती त्याच आवाजानं.

दोघंही गुंडू मिस्त्रीच्या हाताखाली शिकलेले. ज्ञानू शिरोळकडच्या एका गावचा. भावानं शेती धरली आणि हा सोळाव्या वर्षी कोल्हापूरला येऊन मिस्त्रीच्या दारात बसला. दहा वर्षं ओल्या पत्र्यावर पाणीपेपर घासून बोटांची सालटी गेली, तेव्हा कुठं मिस्त्रीनं त्याला रंगाला हात लावू दिला. मग इचलकरंजीहून दादासो आला. बौद्ध वस्तीतला, बाप यंत्रमागावर कामाला. त्यानं तिसऱ्याच वर्षी रंग फवारायची गन धरली. पुढं मिस्त्री थकला, शेड बंद करायची वेळ आली, तेव्हा त्यानं स्वतःची स्प्रे गन उचलून ज्ञानूच्या डोळ्यांदेखत दादासोच्या हातात दिली. "ह्याच्या मनगटाला शोभती," एवढंच म्हणाला. झालं! तेवढ्या तीन शब्दांनी ज्ञानूची पुढची सात वर्षं खाल्ली.

ज्ञानूकडं मग काय होतं? हात होता. पत्र्यावर रुमाल ठेवून त्यावरनं तळहात फिरवला की डोळ्याला न दिसणारी लाट त्याला बरोबर लागायची. खड्डे बुजवायची लांबी कुठं भरलीय, किती वेळा घासलीय, प्रायमर वाळायच्या आत रंग मारायची घाई झालीय का, सगळं तो पत्र्याला हात लावून सांगायचा.

त्या ओळीत एक रिवाज होता. गिऱ्हाईक आणि पेंटर मजुरीवरून हमरीतुमरीवर आले, की तिसऱ्या पेंटरला पंच म्हणून बसवायचं. सामान गिऱ्हाइकाचं, एका दिवसाची मजुरी, म्हणजे हजेरी, सगळ्यांना तोंडपाठ. प्रश्न एवढाच उरायचा, की ह्या कामाला खरे दिवस किती? पंच गिऱ्हाइकानं निवडायचा, पेंटरनं 'चालंल' म्हणायचं. मग पंच गाडीवरनं हात फिरवणार आणि आकडा सांगणार. त्यावर दोघांनीही तोंड उघडायचं नाही. ज्ञानू असा कितीतरी वेळा पंच बसला होता आणि त्याच्या आकड्याला कधी कुणी नाक मुरडलं नव्हतं. फक्त दादासोच्या गाडीवर बसायची वेळ आली नव्हती.

ती आली सत्त्याण्णव सालच्या मार्च महिन्यात.

शिरोळच्या बाजूचे एक बडे बागायतदार, विजयसिंह. स्वतःचं गुऱ्हाळ, दारात दोन ट्रॅक्टर. वडिलांची जुनी अँबॅसडर गाडी त्यांनी दादासोकडं आणून टाकली आणि खिशातनं कागदाची पुडी काढली. पुडीत गुळाचा खडा. "पोरीचं, अनुजाचं लगीन हाय. गाडी ह्या रंगाची पायजे. दुकानातला पिवळा न्हवं, माझ्या गुऱ्हाळातला पिवळा." दादासोनं खडा घेतला आणि कामाला लागला. गाडी झाली तेव्हा त्यानं चाळीस हजेऱ्या सांगितल्या.

"चाळीस?" विजयसिंह ओरडले ते ओळीच्या दुसऱ्या टोकाला ऐकू गेलं. "आरं, चाळीस दिवसांत मी घर बांधून वास्तुशांत उरकीन! पंच बसवा. ज्ञानूला बोलवा."

दादासोनं ज्ञानूच्या शेडकडं एकदा बघितलं. मग म्हणाला, "चालंल."

निरोप आला तेव्हा ज्ञानूला काय वाटलं म्हणता? गुदगुल्या झाल्या! सात वर्षांत तो दादासोच्या शेडमध्ये पाऊल टाकायला गेला नव्हता, आणि आज त्याच शेडमध्ये खुर्ची टाकून त्याला बसवणार होते. धुतलेला रुमाल घेऊन तो निघाला.

शेडच्या तोंडाशी गाडी उन्हात उभी होती. ज्ञानूनं बघितलं आणि जागच्या जागी थांबला. पिवळा म्हणावा तर पिवळा नव्हे, केशरी म्हणावा तर केशरी नव्हे. रस आटवायच्या काहिलीतनं नुकताच वाफ्यात ओतलेला गूळ जसा दिसतो, आतनं उजेड आल्यागत, तसा. हे आपल्याला जमलं नसतं, असं त्याला लख्ख कळलं, आणि कळल्याबरोबर त्याला त्या रंगाचा इतका राग आला की त्यानं हातातला रुमाल चुरगाळला.

असू दे रंग, म्हणाला मनात. रंगाखाली बघू. रंग झाकतोय किती आणि काम केलंय किती, ते हात सांगंल.

टपावरनं रुमाल फिरवला. जुन्या गाडीचा टप, शंभर ठिकाणी दबलेला असणार. लाट नाही. दरवाजे बघितले. लाट नाही. बॉनेटच्या नाकावर पेंटर हटकून आळस करतो, तिथं दोनदा हात फिरवला. काही नाही. डोक्यात आकडे आपोआप चढत होते. सहा, तेरा, एकवीस. मग तो वाकला. जिथं चोरी करायची म्हटली तर कुणालाच दिसत नाही, तिथं गेला. दरवाज्याचं रबर नखानं बाजूला केलं. आतसुद्धा तोच रंग, तशीच घासाई. डिकीच्या झाकणाची खालची बाजू, तीच कथा. अठ्ठावीस. छत्तीस. शेवटी त्यानं पेट्रोलच्या टाकीचं झाकण उघडलं. ह्या झाकणाच्या आतनं अख्ख्या कोल्हापुरात कुणी कधी पाणीपेपर मारला नव्हता, स्वतः ज्ञानूनंसुद्धा नाही. मेल्यानं तिथंही मारला होता! झाकणात ज्ञानूला स्वतःचं तोंड दिसलं, आणि ते बघवेना. त्यानं खटकन झाकण लावलं.

चाळीस. एक इकडं नाही, एक तिकडं नाही. ज्ञानूच्या हातानं चोख सांगितलं होतं.

विजयसिंह खुर्चीत पाय हलवत बसले होते. दादासोची बायको संघप्रिया जेवणाचा डबा घेऊन आली होती, ती तशीच डबा धरून उभी. दादासो मात्र ज्ञानूच्या तोंडाकडं नाही, त्याच्या हाताकडं बघत होता.

"बावीस," ज्ञानू म्हणाला.

संघप्रियाच्या तोंडातनं "आगं बया!" निघालं. दादासो काहीच बोलला नाही. रिवाजच होता तसा. विजयसिंहांनी बावीस हजेऱ्या मोजल्या आणि गुळाच्या रंगाची गाडी घेऊन धुरळा उडवत निघून गेले.

पहिले दोन दिवस ज्ञानू जोरात होता. कॉम्प्रेसरचा आवाज आला तरी त्याचं जेवण गोड लागत होतं. तिसऱ्या दिवशी चहाच्या गाड्यावर हंबीरराव भेटला, ओळीतला इंजिनवाला. पाठीवर थाप मारून म्हणाला, "बेस केलंस ज्ञानू. शेवटी आपल्यातल्या माणसाच्या बाजूनंच बोललास. ती लोकं लई वर चढाय लागली हुती."

ज्ञानूनं चहाचा कप खाली ठेवला. आपल्यातला? त्याच्या डोक्यात जात आलीच नव्हती! त्याचं भांडण त्या मनगटाशी होतं, त्या गनशी होतं. सात वर्षं तो मन लावून जळला होता, आणि हा हंबीरराव त्याचं भलतंच काहीतरी करून गावभर वाटत होता. "तुझ्या आयला तुझ्या," ज्ञानू म्हणाला, "गाडीचं बोलायलतो मी, जातीचं न्हवं!" हंबीरराव हसला आणि डोळा मारला. म्हणजे गाडीचं तरी कुठं खरं बोललाय, असं विचारायचं त्यानं बाकी ठेवलं होतं, एवढंच.

घरी बायकोनं, बाळाबाईनं, ताट तसंच बघून विचारलं, "बावीस बरोबर हुतं न्हवं?"

"तुला काय करायचंय?"

"मला कशाला काय करायचंय? तुमच्या हाताला इचारा." एवढं बोलून तिनं ताट उचललं.

आठव्या दिवशी त्यानं शेडला कुलूप लावलं, एसटी धरली आणि विजयसिंहांच्या गुऱ्हाळावर जाऊन उभा राहिला. काहिलीतला रस रटरटत होता. बाजूला ती गाडी उभी होती. तिच्याकडं बघायचं नाही असं ठरवूनही त्यानं दोनदा बघितलं.

"मालक, माझा आकडा चुकला. चुकला म्हंजे, म्याच चुकीवला. काम चाळीस दिवसांचं हाय. अठरा हजेऱ्या त्याच्या हक्काच्या हाईत. माझ्या हाताला कधी फसवता आलं न्हाई, मालक, पर मी तोंडानं खोटं बोललो."

विजयसिंहांनी त्याच्याकडं बघितलं आणि मोठ्यांदा हसले. मनापासून हसले, मनात राग धरून नव्हे. "आरं खुळ्या, मला काय ठावं न्हवतं व्हय? ओळीत आठ पेंटर. गाडी न्यायला यायच्या आधीच मी बाकीच्यांस्नी इचारलं, दादासोवर लई जळणारा कोण? समद्यांनी तुझंच नाव घेतलं. म्हणून तर तुला बोलीवला की! तुझा हात घिऊन मला काय करायचंय?" मग गड्याकडं वळून म्हणाले, "ह्याला रस द्या रं. पंचाचा आकडा एकदाच असतोय, ज्ञानू. बस, रस पी."

रस प्याला का नाही, ते ज्ञानूला नंतर आठवलं नाही. एसटीत बसल्यावर मात्र तो स्वतःच्या उजव्या हाताकडं बघत राहिला. इतकी वर्षं ज्या हातासाठी लोक बोलावतात असं तो समजून होता, त्या हाताची कुणाला गरजच नव्हती. त्याचं जळणं तेवढं उपयोगाला आलं होतं, आणि ते सगळ्या ओळीला पाठ होतं.

घरी न जाता तो सरळ दादासोच्या शेडमध्ये गेला. दादासो एका रिक्षाच्या मडगार्डला लांबी भरत होता.

"चाळीस हुतं," ज्ञानू म्हणाला.

"ठावं हाय की," दादासो मान वर न करता म्हणाला. "म्याच केल्यात."

"मालकाकडं जाऊन आलो. न्हाय देत म्हणतोय." ज्ञानू पुढं आला. "त्यानं मला हातासाठी बोलीवलंच न्हवतं, दादासो. मी तुझ्यावर जळतो म्हणून बोलीवलं हुतं."

"त्येबी ठावं हाय, आण्णा. तुमचं नाव घेतलं त्याच येळंला वळखलं."

"मग न्हाय म्हणायचंस की रं! तुझा हक्क हुता. चालंल कशाला म्हणालास?"

दादासोनं लांबी भरायची पत्री खाली ठेवली. हात पुसले. "आण्णा, मालकाला काय कळतंय त्यातलं? गाडी पिवळी दिसली, खूश झाला. माझ्या घरात तरी कुणाला कळतंय? आठ दिवस मी त्या रबराच्या आत घातल्यात. तिथं हात घालून बघणारं तुमच्याबिगर कोल्हापुरात हाय कोण? मिस्त्री तर गेला. गाडी अशीच शिरोळला गेली असती आन् कुणाचा हातच फिरला न्हसता. तुमचा फिरावा म्हणून चालंल म्हटलं." तो थांबला. "चार-पाच दिवस खाशीला, एवढं मी धरूनच चाललो हुतो. अठरा खाशीला असं न्हवतं वाटलं."

ज्ञानू थिनरच्या रिकाम्या डब्यावर बसला. उजवा हात गुडघ्यावर उघडा ठेवला. मग जे आठ दिवसांपूर्वी चारचौघांत सांगायचं होतं, ते तो सांगायला लागला. "जुना रंग काढून पत्रा उघडा केलास, त्ये सा दिवस. लांबी आन् घासाई, पंधरा. प्रायमर आन् परत घासाई, सात. रंगाचे हात, आठ दिवस. पॉलिश चार. चाळीस. मी केली असती तर पन्नास लागलं असतं, आन् रंग तरीबी जमला न्हसता."

दादासो लक्ष देऊन ऐकत होता. एकेका आकड्याला मान हलवत होता.

"आन् टाकीच्या झाकणाच्या आतनं?" त्यानं विचारलं. "त्ये बघितलं न्हवं?"

"बघितलं की," ज्ञानू म्हणाला. "तिथंच तर लई जळलो."